आई लावते

गेल्या वैशाखात पुण्याला एका मुंजीला गेले होते. कार्यालय जुनं, पंखे त्याहून जुने, आणि जेवायला बसेपर्यंत दीड वाजलेला. टेबलावर माझ्यासमोर दादा, त्याच्या शेजारी चुलतबहिणीची नवी सून. मुलगी गोड आहे, जाहिरातींच्या कंपनीत कामाला आहे, लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. पलीकडच्या एक काकू घड्याळाकडे बघून हळहळल्या, "आज मुरांबा बुडाला." मग काय, टीव्हीवरच्या त्या मालिकेचा विषय निघालाच. काकूंचा रमा आणि माही यांच्यात घोटाळा होत होता. चेहरा एकच, बायका दोन. त्यातली घरात कुठली, बाहेर कुठली, आणि हे कुणाला ठाऊक आहे नि कुणाला नाही, याचा त्यांना पत्ता लागत नव्हता. मी ताटातल्या लिंबाच्या दोन फोडी मिठाच्या दोन बाजूंना ठेवल्या. ही रमा, ही माही, मधे मीठ म्हणजे अक्षय. अशी सगळी मांडणी करून, फोडी इकडून तिकडे सरकवत, पाच मिनिटांत त्यांना स्वच्छ समजावून दिलं. काकू खूश झाल्या. नवी सून मात्र माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही बघता हे सगळं?"

त्या "हे सगळं"मध्ये काय होतं कोण जाणे. तिरस्कार नव्हता, कुतूहलच असेल. पण माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "छे गं! मला कुठला वेळ. आई लावते, कानावर पडतं."

दादा मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावत होता, ती तशीच धरून राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वाटी खाली ठेवली, सुनेला म्हणाला, "मठ्ठा घे, छान झालाय." आणि जेवण पुढे सुरू झालं.

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

खोटं बोलण्याचं मला तसं वावडं नाही. मी डोंबिवलीत घरी बसून हिशेबाची कामं करते, चार सोसायट्यांचे आणि सात-आठ दुकानदारांचे. "कागद आजच पाठवले" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी म्हणते. पण हे लागलं. परतीच्या गाडीत, लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत बोगद्यांमागून बोगदे गेले आणि मी खिडकीच्या काचेत माझाच चेहरा बघत विचार करत होते, की आईला जिवंत केलं तेही कशासाठी, तर एका पंचविशीच्या मुलीसमोर आपण अडाणी ठरू नये म्हणून. वर "लावते". वर्तमानकाळ. जिभेला सवय होती, दुसरं काय. आई होती तेव्हाही मी हेच सांगायचे. बँकेत सांगायचे, नणंदेला सांगायचे, एकदा तर दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगितलं होतं. टीव्ही आईचा, रिमोट आईचा, आवड आईची. मी आपली कडेला बसून लसूण सोलणारी.

प्रत्यक्षात कडेला बसून लसूण सोलता सोलता मी गेली पंचवीस वर्षं सगळं बघितलं आहे. सुरुवात आईचीच, हे खरं. दूरदर्शनवर दुपारी 'दामिनी' लागायची तेव्हा मी बँकेत नोकरीला होते. मराठीतली ती पहिली रोजची मालिका. प्रतीक्षा लोणकरांची पत्रकार दामिनी मला फक्त सुट्टीच्या दिवशी भेटायची. पण घरी आल्यावर आई कुकर लावता लावता त्या दिवशीचा भाग सांगायची, आणि तिचं सांगणं मूळ भागापेक्षा मोठं असायचं. संवाद ती स्वतः बोलून दाखवायची. खलपुरुषाचा आवाज काढताना तिची हनुवटी खाली जायची. मग अल्फा मराठी आलं, 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी संध्याकाळची असल्यामुळे मलाही मिळाली. अशोक पत्कींच्या चालीवरचं शीर्षकगीत सुरू झालं की आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतून एकाच वेळी ऐकू यायचं, फक्त कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान. सुधा नोकरी करणारी, शिकवणारी, दोन मुलींची आई, आणि नवऱ्याचं बाहेर प्रकरण. ती घरात ज्या पद्धतीने पर्स खुंटीला अडकवायची ना, ते बघून मला वाटायचं, हो, असंच. दिवसभर उभी राहिलेली बाई पर्स अशीच ठेवते, हात सगळा सैल सोडून.

अभिनय म्हणजे काय हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी हात बघते. मालिकांमध्ये चेहऱ्याचं इतकं चालतं, तीन तीनदा कॅमेरा जवळ येतो, मागे ढोल वाजतात, की चेहऱ्यावर विश्वास ठेवायचं मी केव्हाच सोडून दिलं. हात मात्र फसवत नाहीत. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दीड वाजता यायच्या, मुद्दाम. जाहिराती लागल्या की आत जाऊन दोन पातेली विसळायच्या आणि परत दारात येऊन टेकायच्या. एकदा पडद्यावर कोणी सून मेथी निवडत होती. मावशी म्हणाल्या, "ह्या बाईनं जन्मात मेथी निवडली नाय. काड्या परातीत आन पानं पेपरावर टाकतीय." आम्ही दोघी हसून बेजार. त्यानंतर मला तो नादच लागला. कणीक मळणाऱ्या नट्या बघा: पीठ आधीच मळून तयार असतं आणि या ते नुसतं थोपटतात. तव्यावरची पोळी उलटायच्या आधी संवाद संपतो. निरांजन ओवाळताना ताट कुठल्या हाताकडे झुकतं, ओल्या हाताने फोन घेताना बाई हात पदराला पुसते की नाही. पुसला, तर मी तिला माफ करते, मग पुढे ती कितीही वाईट रडो.

'आई कुठे काय करते'मधल्या मधुराणी प्रभुलकरांवर माझा जीव जडला तो यामुळेच. २०१९च्या डिसेंबरात मालिका सुरू झाली तेव्हा आम्हाला ठाऊक होतं, की ही 'श्रीमयी' नावाच्या बंगाली मालिकेवरून घेतली आहे. पुढे तिचीच हिंदी 'अनुपमा' झाली आणि सगळ्या देशाची झाली. पण अरुंधती आमची होती. सुरुवातीची, सुती साडीतली, वेणी घातलेली, घरभर भिरभिरणारी. ती कुणाशी बोलत असताना तिचे हात दुसरंच काहीतरी करत असायचे. टेबलावरचे खरकटे थेंब पुसणं, कुणाच्या तरी शर्टाची घडी नीट करणं. समोरचा तिचा अपमान करत असतानासुद्धा हात चालू. आणि नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाबरोबरचं सगळं उघडं पडल्यानंतर, मला आठवतं, ते हात थांबले. रडारड पुष्कळ झाली त्या आठवड्यात, घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वाट्याचं रडून घेतलं, पण मला त्या स्वस्थ पडलेल्या हातांनी रडवलं. आईला नाही. आई सरळ म्हणाली, "आता कशी शहाणी झाली. आधी नुसती राबत होती मेली."

आई आणि मी एकच मालिका बघत होतो, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. तसं नव्हतं. तिला काय झालं यात रस, मला कसं केलं यात. नट बदलला की माझा दिवस खराब व्हायचा. संजनाचं काम आधी दीपाली पानसरे करायच्या, टाळेबंदीनंतर रूपाली भोसले आल्या. मी महिनाभर कुरकुरत होते. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये तर शनाया रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील, म्हणजे गेलेलं माणूस परतही आलं. आईला त्याचं काही नाही. "चेहरा बदलला तर बदलला, स्वभाव तोच आहे ना?" असं म्हणून ती दुसऱ्या मिनिटाला नव्या शनायाला जुन्या शिव्या द्यायला लागायची. उलट नट तोच आणि मालिका नवी असली, की तिला जमायचं नाही. शशांक केतकर तिच्यासाठी 'होणार सून मी ह्या घरची'मधला श्री. सहा सहा आयांचा लाडका, जान्हवीचा नवरा. २०२२मध्ये 'मुरांबा' सुरू झाली, तो अक्षय झाला, पण आमच्या घरात शेवटपर्यंत श्रीच राहिला. "श्रीने आज रमाला ओरडायला नको होतं." मी दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं. तिच्या लेखी श्रीने जान्हवीनंतर हे दुसरं लग्न केलं होतं, आणि तिला ते पूर्णपणे पटलेलं नव्हतं.

जान्हवीवरून आठवलं. तिचं ते बाळंतपण! इतके महिने लांबलं की लोकांनी त्यावर विनोद करून करून मोबाईल भरून टाकले. हत्तिणीचे दिवस संपले पण जान्हवीचे संपत नाहीत, वगैरे. मीही ते पुढे ढकलले, हसले. आईने एकदा शांतपणे सांगितलं, "तुझ्या वेळेला मलाही तसंच वाटलं होतं. संपतच नव्हते दिवस." मला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मी चहा ठेवायला उठले.

लोकांना वाटतं, मालिका बघणारी बाई सगळं गिळते. गिळत नाही हो. आम्ही जेवढं भांडतो तेवढं कुठला समीक्षक भांडत नसेल. माझं भांडण कागदपत्रांशी आहे. खलनायिका एका फायलीत मधेच एक कागद सरकवते, नायकाचे भोळे वडील चष्मा न लावता सही करतात, आणि दुसऱ्या दिवशी बंगला, कारखाना, गावाकडची जमीन सगळं तिच्या नावावर. अहो, मुद्रांक शुल्क कोणी भरलं? दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, ते कुठे आहेत? आमच्या सोसायटीतल्या एका सदनिकेचं नाव बदलताना माझ्या चपला झिजल्या, आणि इथे जाहिरातीपूर्वी मालकी फिरते. मी असं काही बोलायला लागले की आई हात वर करून गप्प बसवायची. "तुझं ऑफिस बंद कर. ऐकू दे." पण त्याच आईला दुधाचं भांडं उतू गेलेलं चालायचं नाही. पडद्यावर दूध उतू जाऊन अपशकुन होत असला की तिला अपशकुनापेक्षा ओट्याची काळजी. "आता ते सगळं बर्नरमध्ये जाणार. पुसणार कोण?"

आणि रटाळपणा, तोही दिसत असतोच. एका भागात बावीस मिनिटं गोष्ट, त्यातली चार मागचं आठवण्यात, तीन एकमेकांकडे बघण्यात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि पुढच्या पंधरवड्यात कुणाचा तरी अपघात होतो, हे आम्हाला आता पाठ झालंय. स्मृती जाते, जुळी बहीण येते, गोष्ट सात वर्षं पुढे उडी मारते आणि नायिकेच्या केसाला धक्का लागत नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडी! ज्या बाईने 'गांधी'मध्ये कस्तुरबा केली, ती बारा वर्षं आमच्या घरात देशमुखांची आशा होऊन वावरली. मला मधली चार वर्षं तरी फुकट गेल्यासारखी वाटतात. पण त्या चार वर्षांतही एखाद्या दुपारी, अगदी टाकाऊ प्रसंगात, त्या नुसत्या जिन्यावरून खाली यायच्या आणि मधल्या पायरीवर थांबायच्या, की घरातले सगळे का गप्प झाले हे वेगळं सांगावं लागायचं नाही. तेवढ्यासाठी बसायचं. वाट बघायची. गाण्याच्या मैफिलीत नाही का, तासभर गवई सापडत नाही आणि मग एकच जागा अशी घेतो की माणूस घरी जाताना तेवढीच घेऊन जातो. तिथे बसणाऱ्याला रसिक म्हणतात. मला कडेला लसूण सोलावा लागतो.

टाळेबंदीत चित्रीकरण बंद पडलं आणि वाहिन्यांनी जुने भाग लावले. आई तेही बघायची, आणि पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे पात्रांना सावध करायची. "अगं जाऊ नकोस तिच्याबरोबर." पुन्हा चित्रीकरण सुरू करायची परवानगी मिळाली तेव्हा नियम आला, की पासष्टीच्या वरच्यांनी सेटवर यायचं नाही. नव्या भागांतून एकेक आजी-आजोबा नाहीसे झाले. कुणी गावाला गेलं, कुणी तीर्थयात्रेला, कुणी नुसतंच खोलीत पडून असल्याचं इतर पात्रं एकमेकांना सांगत राहिली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला हे फार लागलं. घरातून बाहेर पडू नका म्हणाले, ते तिने ऐकलं. भाजीवाला बंद, देऊळ बंद, तेही ऐकलं. पण पडद्यावरच्या आजीला काढली, म्हणून ती माझ्याशी तावातावाने भांडली, जणू नियम मीच केला होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, ती बातमी तिने मला पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्याच महिन्यात आशालता वाबगावकर गेल्या. साताऱ्याकडे 'आई माझी काळूबाई'चं चित्रीकरण चालू होतं, तिथे कोरोना झाला. आईच्याच वयाच्या. त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही. मी लावू का विचारलं तर म्हणाली, "राहू दे आजचा दिवस." नातेवाइकांसाठी पाळतात तसं तिने ते पाळलं, आणि दुसऱ्या दिवशी दीडला परत बसली.

आई गेल्यावर तिच्या कपाटात जुनी कालनिर्णयं सापडली, गुंडाळी करून रबर लावलेली. दुधाचे हिशेब मागच्या पानावर, सिलिंडर कधी लावला ती तारीख, माझ्या आणि दादाच्या मुलांचे वाढदिवस. आणि मधूनमधून चौकोनांत, पेन्सिलीने, इतक्या बारीक अक्षरात की आधी मला ते औषधाचं काही वाटलं: "अरुं. घर सोडलं." त्याच्या खाली, "दूध अर्धा ली. जादा." दुसऱ्या पानावर, "लाईट नाही. भाग बुडाला. मावशींनी सांगितला." एका चौकोनात फक्त "श्री!" असं, उद्गारचिन्ह देऊन. काय केलं असेल श्रीने त्या दिवशी? मी खूप आठवून पाहिलं. अरुंधती आणि आशुतोषच्या लग्नाच्या दिवसांत मात्र तीन-चार चौकोन भरलेले होते, कारण हे लग्न व्हावं की होऊ नये यावर आमच्या घरात फार चर्चा झाली होती. पन्नाशीच्या जवळ आलेली, मुलं मोठी झालेली बाई. मी बाजूने होते. आईचं म्हणणं होतं, की आत्ता कुठे सुटली आहे, परत कशाला अडकतेस. पण प्रत्यक्ष लग्न लागलं तेव्हा तिने सोफ्यावर बसूनच, आमच्या टीव्हीच्या दिशेने, मूठभर तांदूळ टाकले. ते टेबलाखालून झाडून काढताना मी चिडले होते, हेही आठवतं.

आई २०२३च्या श्रावणात गेली. तेव्हा आशुतोष जिवंत होता.

ही गोष्ट मला पुढच्या वर्षी जाणवली, मालिकेत त्याचा मृत्यू दाखवला तेव्हा. ओंकार गोवर्धनने तो माणूस इतका साधा, इतका न हेलकावणारा केला होता, की त्याला मारल्याचा मला खरोखर राग आला. त्या आठवड्यात मी दोन दुकानांचे हिशेब चुकवले. पण रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, एक चमत्कारिक सुटका. आईला हे बघावं लागलं नाही. तिच्या हिशेबात अरुंधतीचं दुसरं लग्न झालं आणि ती सुखात आहे. तिथेच तिचं पुस्तक मिटलं. आपण इतके काही वेडे नाही, हे सगळं खोटं आहे, चॅनेलने लिहून घेतलेलं आहे, सगळं मला कळतं. तरीही मी तेव्हा आईच्या फोटोसमोर दिवा लावताना तिला ते सांगितलं नाही. एरवी सांगते. गॅस संपला, दादाचा फोन आला, असलं सगळं सांगते. आशुतोषचं नाही सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च २०२४मध्ये, ती मालिका संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला नेली. हिणवल्यासारखं बोलत होते लोक, म्हातारी झालेली मालिका दुपारच्या खोलीत नेऊन ठेवली म्हणून. मला मात्र आईचा आणि साडेसातचा जुना झगडा आठवला. साडेसात म्हणजे तिच्या रामरक्षेची वेळ. वर्षानुवर्षं ती एक डोळा देवाकडे आणि एक अरुंधतीकडे ठेवून रामरक्षा म्हणत आली होती, आणि जाहिराती लागल्या की तिची गती वाढायची. अडीचची वेळ तिला किती सोयीची झाली असती. जेवण झालेलं, मावशी गेलेल्या, पडदे ओढलेले. नोव्हेंबरच्या अखेरीस मालिका संपली तेव्हा अडीच वाजता त्या अंधारलेल्या खोलीत मी एकटी होते. कडेच्या खुर्चीवर. सोफा समोर रिकामा, आणि मी मात्र सवयीने कडेच्या खुर्चीवर, मांडीत लसणाचं ताट घेऊन. आठवड्याला पुरून उरेल एवढा लसूण तेव्हा घरात सोलून ठेवलेला होता.

म्हणजे मुंजीतलं ते वाक्य अगदीच आकाशातून पडलेलं नव्हतं. दोन वर्षं मी घरातही तेच करत होते. लावते आईच, मी आपली जाता येता बघते. रिमोटवर तिने चढवलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही. आतली बटणं आता अंदाजाने दाबावी लागतात.

मुंजीनंतर आठ-दहा दिवसांनी दादाचा फोन आला. दुपारी दीड वाजून गेल्यावर. आमच्या घरात या वेळेला फोन करायची कुणाची टाप नव्हती. दादाने एकदा नातू झाल्याची बातमी द्यायलासुद्धा दोन वाजेपर्यंत वाट बघितली होती, आणि आईने "आधी का नाही केलास" म्हणून वर त्यालाच झापलं होतं. मी फोन वाजू दिला. भाग संपला, 'पुढील भागात' बघितलं, मग उलट फोन केला.

"विसरलोच मी," तो म्हणाला. "चालू असेल ना तुझी."

"हो. चालू होती."

मग सोसायटीच्या पुनर्विकासाचं काहीतरी बोलला, वहिनीच्या गुडघ्याचं बोलला. मी वाट बघत होते. त्या मुंजीतल्या वाक्याचा विषय तो काढणार, असं मला आतून वाटत होतं, आणि काढला तर काय सांगायचं हे ठरत नव्हतं. त्याने काढला नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तो तिचा श्री आहे का गं अजून?"

"आहे. अक्षय नाव आहे त्याचं. तीन वर्षं होऊन गेली आता."

"श्रीच तो," दादा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "मग काय केलं आज त्याने?"

"तुला कळणार नाही. दोन रमा आहेत."

"लिंबं नाहीत माझ्याकडे," तो म्हणाला. "पण सांग."

ओट्यावर ताक उघडं होतं, त्यावर मी झाकण ठेवलं. भिंतीवरच्या कालनिर्णयाखाली आईचा सोफा आहे, तिथे बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि खलनायिकेचा आवाज काढायला हनुवटी खाली घेतली.